धडधडीचं कारण

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो जमिनीवर होता, मी साठ मीटर उंचावर होते, आणि मला त्याचा गळा दाबायचा होता.

मी क्रेन चालवते. बांधकामावर ती उंच पिवळी क्रेन दिसते ना, तिच्या माथ्याशी काचेची एक इवलीशी केबिन असते. त्या केबिनमध्ये मी बसते, म्हणून साइटवर सगळे मला 'घार' म्हणतात. त्या सकाळी दीड टनाची लोखंडी तुळई उचलून मी अलगद फिरवत होते, आणि खाली कँटीनच्या दारात एक माणूस दोन्ही हात लांब पसरून जोरजोरात हलवताना दिसला. आमच्या कामात त्या इशाऱ्याचा अर्थ एकच – कोणाचा तरी जीव धोक्यात आहे, थांब. आणि नियम असा, की इशारा साहेबाने देऊ दे नाहीतर झाडूवाल्याने, आधी क्रेन थांबवायची, विचारायचं ते नंतर. मी थांबवली. तुळई गचका खाऊन झुलायला लागली, खाली पळापळ झाली, आणि मुकादमांनी वॉकीटॉकीवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुळई शांत करून खाली टेकवेपर्यंत माझा घामाने अभिषेक झाला होता.

नंतर कळलं, की कँटीनचा नवा आचारी कामाच्या पहिल्याच दिवशी टेबलावरचं धुतलेलं कापड झटकत होता. कापडाचा रंग नेमका खालच्या सिमेंटसारखा, त्यामुळे वरून मला नुसते हात दिसले.

मी तावातावाने खाली उतरले. शिडीला दोनशे बारा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर मी एक नवी शिवी तयार करत होते. कँटीनमध्ये शिरले तर हा उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत सरसावलेला माणूस ते कापड हातात धरून तसाच उभा. मी चांगली पाच मिनिटं त्याला धुतलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, मग एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"चुकलं माझं. यापुढे कापड आतच झटकीन," तो म्हणाला. "पण… तुमचे हात एवढे का थरथरतायत?"

"रागाने."

"बरं. सकाळी काय खाल्लंत?"

"कॉफी."

"आणि त्याच्या आधी?"

"कॉफी," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माझ्या मागे मुकादम येऊन उभे राहिलेत आणि तेही माझ्या हातांकडेच बघतायत.

आता माझी बाजूही ऐका. वर केबिनमध्ये संडास नाही. पाणी प्यायलं की खाली यावं लागतं, खाली आलं की काम थांबतं, काम थांबलं की वॉकीटॉकी खणखणायला लागतो. मग सहा वर्षांत मी आपला तोडगा काढला होता. पाणी घोटभर, जेवण नाहीच, छोट्या थर्मासमध्ये दाट काळी कॉफी आणि खिशात बिस्किटं. संध्याकाळी घरी पोचायचे तेव्हा भुकेने डोकं उठलेलं असायचं, मग ताटभर जेवायचं, आणि अंथरुणावर पडलं की छातीत धडधड. झोप लागायची नाही. उगाचच जिवाची घालमेल व्हायची, कशाची ते विचाराल तर सांगता यायचं नाही. वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्ही अंथरुणातसुद्धा क्रेन चालवता." पाय हलायचे माझे.

मुकादमांनी मला त्याच दुपारी कामगारांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. बसल्या जागी नाडीचे ठोके एकशे बारा भरले, रक्तदाबही चढलेला. त्यांनी मला पाच आठवडे दिले. तोपर्यंत हलकी ओझी तेवढी उचलायची. मग एक दिवस अख्खी पाळीभर छातीला यंत्र लावून ठोके नोंदवले जातील. नोंद सरळ आली तर ठीक, नाहीतर क्रेन बंद, आणि मी गोदामात सिमेंटच्या गोण्या मोजायला.

आणि पाच आठवड्यांनी आमच्या नऊ मजली इमारतीच्या माथ्यावर मोठी कमान चढायची होती. अठ्ठावीस मीटर लांब, एका उचलीत. या कमानीसाठी मी दोन वर्षं त्या काचेच्या डब्यात काढली होती. ती दुसऱ्या कोणी येऊन चढवायची आणि मी खाली गोण्यांवर बसून बघायची – नुसत्या कल्पनेनेच मला रडू फुटलं. डॉक्टरीणबाईंनी रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये गेले ती भांडायलाच. त्याला सांगितलं, तुमच्या त्या कापडापायी माझी नोकरी चाललीय. तो चुलीपुढून हटला नाही. म्हणाला, कापडाने तुमचे हात थरथरले नाहीत, पण तुळई माझ्यामुळे लटकली हे खरं. तेव्हा पाच आठवडे तुमचं पोट माझ्या ताब्यात द्या.

मी म्हटलं, "आणि माझं डोकं?"

"ते तुमच्याच ताब्यात राहू दे," तो म्हणाला. "मला पेलायचं नाही."

मी भांडायला यायच्या आधीच माणूस दवाखान्यात जाऊन आला होता. डॉक्टरीणबाईंकडून काय द्यायचं, काय नाही ते कागदावर लिहून आणलं होतं. सकाळी वर चढायच्या आधी खायचंच – अंडं, पाव, केळं. दुपारी खाली उतरून जेवायचं. डाळीचं सूप, भात, पालेभाजी, वाटीभर दही. मिरची नाही. कॉफी दिवसाच्या नऊ इवल्या कपांवरून दोनवर, तीही दुपारच्या आत. पाणी भरपूर. पाण्याचं ऐकल्यावर मी म्हटलं की मुकादम माझी चटणी करतील. तर हा गडी मुकादमांकडे गेला आणि म्हणाला, साहेब, दिवसातून दोनदा क्रेन पंधरा मिनिटं थांबली तर चालेल की कमान हवेत थांबली तर चालेल? मुकादमांनी खडू उचलला. मग माझ्या खाली यायच्या वेळा त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिल्या.

पहिला आठवडा भयंकर गेला. कॉफीविना डोकं ठणकायचं. मी सगळ्यांवर खेकसत होते, त्याच्यावर तर जास्तच. एकदा सूप आळणी आहे म्हणून मी वाटी ढकलली. त्याने ती उचलली, लिंबू पिळलं, परत समोर ठेवली आणि काही न बोलता निघून गेला. त्यावर कसं भांडणार? मी सूप प्यायले. चांगलं होतं… मेलं चांगलं होतं.

शिडी उतरताना श्वास कसा घ्यायचा तेही त्यानेच सांगितलं. चार पायऱ्यांना श्वास आत, सहा पायऱ्यांना बाहेर, घाई नाही. मी म्हटलं, तुम्ही स्वयंपाक सोडून योगासनांचा वर्ग काढा. तो म्हणाला, भात लावताना मी असंच करतो, नाहीतर दीडशे माणसांच्या जेवणाने माझीच शिट्टी वाजेल. चौथ्या दिवशी मी पायऱ्या मोजत खाली आले तेव्हा पहिल्यांदाच माझे खांदे कानांपासून खाली उतरले होते.

आणि मग वारा सुटला. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की क्रेन बंद ठेवावी लागते. असे दिवस म्हणजे मला शिक्षा. कुठे बसू, काय करू, इकडून तिकडे येरझाऱ्या. त्याने मला कँटीनच्या मागच्या खोलीत बसवलं आणि पुढ्यात मटारच्या शेंगांची गोणी ओतली.

"मी पाहुणी आहे की मजूर?" मी विचारलं.

"औषध घ्यायला आलेला पेशंट," तो म्हणाला आणि समोर बसून स्वतःही सोलायला लागला.

बाहेर पत्र्यावर वारा आपटत होता, आत दाण्यांचा पातेल्यात पडायचा टप टप आवाज. पहिला अर्धा तास माझी नखं शेंगांशी मारामारी करत होती. मग कधीतरी हात आपोआप चालायला लागले. डोक्यातलं चाक मंद झालं. मी त्याला माझं सगळं सांगून टाकलं, न विचारता. सुरुवातीला मला क्रेनवर कोणी चढूच देत नव्हतं, सात वर्षं मी खाली दोर बांधत होते, एक चूक झाली असती तर 'बाई ना, म्हणून' असं ऐकावं लागलं असतं, म्हणून मी कधी चुकलेच नाही. तो शेंगा सोलत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, एवढी वर्षं न चुकता राहायचं म्हणजे दमायला होणारच हो.

मी मान खाली घातली. मी दमत असेन असं आजवर वहिनीशिवाय कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी मटारवर ढकललं. मटार सोलताना डोळ्यांत पाणी येत नाही हे आचाऱ्याला कोण सांगणार… पण तो तिकडे बघतच नव्हता. मुद्दाम बघत नव्हता, हे मला कळलं.

तिसऱ्या आठवड्यापासून मला झोप लागायला लागली. गाढ, लहान मुलासारखी. वहिनीने सकाळी हाक मारली तर मी चक्क हसत उठले. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग मी आरशासमोर वेणी दोनदा घातली तेव्हा तिने कंबरेवर हात ठेवले आणि विचारलं, "वन्सं, हे जेवणाने झालंय की जेवण वाढणाऱ्याने?" मी तिला उशी फेकून मारली. पण तिने वर्मावर बोट ठेवलं होतं. दोनशे बारा पायऱ्या उतरायचा मला पूर्वी कंटाळा यायचा. आता एक वाजायची मी वाट बघत होते.

तो मात्र सगळ्यांशीच असा. सुताराला पोटदुखी, त्याला वेगळा भात. गवंडीमावशीला दात नाहीत, तिला पाव भिजवून. मग मी कोण लागून गेले? एक पेशंट. इमारत पूर्ण झाली की कँटीन बंद होणार, तो एकीकडे, मी दुसरीकडे. मी स्वतःला बजावलं, घारबाई, लक्ष कमानीवर ठेवा.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी सकाळी छातीला तारा चिकटवल्या, कमरेला छोटं यंत्र बांधलं आणि एक वही दिली. त्यात वेळ, काय करत होते, आणि ठोके वाढले असं वाटलं तर कारण लिहायचं. मी वर गेले. त्या दिवशी मुकादमांनी मला दया दाखवली नाही – कमानीच्या वजनाची ओझी पाच वेळा वर-खाली करायला लावली. वारा होता. एकदा ओझं हेलकावलं, मी ते शांत केलं. चार आत, सहा बाहेर. हात माझे होते, माझं ऐकत होते. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

एक वाजता जेवायला उतरले. तो नेहमी उभा राहून वाढायचा, त्या दिवशी वाढून झाल्यावर समोर येऊन बसला. एक संत्रं सोलायला घेतलं. फोड फोड वेगळी केली आणि प्रत्येक फोडीवरच्या पांढऱ्या रेषा नखाने काढत बसला.

"तुम्ही या रेषा काढून ताटाच्या कडेला ठेवता," तो खाली बघत म्हणाला. "रोज बघतो."

त्याने फोडी माझ्या ताटात ठेवल्या. बस, एवढंच. मी वहीत लिहिलं – 'एक वाजून दहा मिनिटं, जेवण.'

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लांबलचक कागद टेबलावर पसरला. ओझं उचलताना रेघ सरळ. हेलकावा आला तिथे किंचित वर, लगेच खाली. "सुंदर," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट एके ठिकाणी थांबलं. एक वाजून दहा मिनिटं. तिथे एकदम उंच टेकाड – एकशे अठरा, तेही तब्बल नऊ मिनिटं.

"जेवताना सगळ्यांचे ठोके शांत असतात," त्या म्हणाल्या. "इथे काय झालं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी चष्मा काढला. विनाकारण आलेली अशी वाढ असेल तर त्यांना मला पात्र लिहिता येत नव्हतं. उद्या वर केबिनमध्ये असंच झालं तर जबाबदारी कोणाची? कारण लिहा, म्हणाल्या, आणि त्या वेळी समोर जो कोणी होता त्याची साक्षीदार म्हणून खाली सही आणा. कागद मुकादमांच्या फाइलला जाणार होता. संध्याकाळपर्यंत मुदत.

मी दवाखान्याबाहेर बाकावर बसून राहिले. खरं लिहायचं? ज्या मुकादमांसमोर मी इतकी वर्षं दगडासारखी राहिले, त्यांच्या फाइलला? आणि सही कोणाची आणायची, तर त्याचीच. मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. शेवटी मी घाईघाईने लिहिलं – 'जेवण तिखट असल्यामुळे ठसका लागला' – आणि कँटीनमध्ये जाऊन कागद त्याच्यापुढे धरला. म्हटलं, इथे सही करा, काही विशेष नाही.

त्याने हात धुतले, पुसले, कागद वाचला. मग त्याचा चेहरा असा झाला की तसा मी कधी बघितला नव्हता. तुळई झुलली त्या दिवशी माझ्या शिव्या ऐकून न चिडलेला माणूस आता खरोखर चिडला.

"तिखट?" तो म्हणाला. "पाच आठवडे मी तुमच्या सुपात मिरीचा दाणासुद्धा टाकला नाही. वेगळं पातेलं, वेगळा डाव. आणि तुम्ही लिहिता, माझं जेवण तिखट? मी याच्यावर सही करणार नाही."

"अहो, नुसती सही…"

"नाही. माझ्या हातचं खाऊन तुमची छाती धडधडली असं फाइलला लागणार असेल, तर मला खरं कारण कळायला हवं. काय होतं त्यात? डाळ? दही? सांगा, मला कळायलाच हवं."

बिचारा जेवणातली चूक शोधत होता. खरंच शोधत होता. पातेलं उघडून वाससुद्धा घेतला त्याने. मला हसूही आलं आणि रडूही आलं. मनात म्हटलं, सात वर्षं दोर बांधले, सहा वर्षं वर बसले, कशाला घाबरले नाही, आणि आता एका ओळीला घाबरतेय? कमान माझी आहे. आणि हे जे वाटतंय तेही माझंच आहे, लपवायला मी काय चोरी केलीय?

मी कागद ओढून घेतला. 'तिखट'वर काट मारली. आणि ठळक अक्षरात लिहिलं – 'स्वयंपाकी समोर येऊन बसला आणि त्याने माझ्यासाठी संत्र्याच्या रेषा काढल्या. दुसरं काहीही कारण नाही.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. पातेल्याचं झाकण त्याच्या हातातून खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं, ते उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.

"हे… मुकादम वाचतील," तो कसाबसा म्हणाला.

"वाचू देत."

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं. सही केली. मग जरा थांबून खाली आणखी काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा करून ठेवला, जणू उघडा ठेवायची त्याला लाज वाटत होती. मी उचलून वाचलं. लिहिलं होतं – 'वरील कारण खरे आहे. साक्षीदाराचेही ठोके त्या वेळी वाढले होते. पहिल्या दिवसापासून वाढलेले आहेत. पुढची क्रेन कुठे उभी राहणार ते मुकादमांना विचारून साक्षीदाराने तिथल्या कँटीनसाठी अर्ज केलेला आहे.'

"अर्ज कधी केलात?" मी विचारलं.

"मटार सोलले त्याच संध्याकाळी," तो म्हणाला. "रागावणार आहेस?"

मी रागावले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला रागवायला काही सापडेना. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला. मग दोघांनी मिळून ते खाली पडलेलं झाकण उचललं.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, दोन्ही सह्या तपासल्या, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता शेवटच्या रकान्यात 'पात्र' लिहिलं. शिक्का मात्र जरा जोरात मारला.

कमान चढली त्या सकाळी आकाश निरभ्र होतं. सगळी साइट खाली माना वर करून उभी. मी पोटभर नाश्ता करून चढले होते. कमान जमिनीवरून सुटली, वर आली, माझ्या काचेसमोरून गेली – एवढी मोठी, आणि माझ्या दोन बोटांच्या इशाऱ्यावर वळणारी. मुकादमांचा आवाज येत होता, डावीकडे, आणखी जरा, आणखी केसभर… आणि ती आपल्या जागी बसली. एकदाच, पहिल्या खेपेत. खालून जो आवाज उठला तो मला बंद काचेतून ऐकू आला. वॉकीटॉकी खरखरला. मुकादम म्हणाले, "शाब्बास, पोरी." घार नाही, पोरी. मी वर एकटी होते, म्हणून मनसोक्त रडले.

मग उतरले. दोनशे बारा पायऱ्या, चार आत, सहा बाहेर. शेवटच्या पायरीशी तो उभा होता, बाह्या तशाच सरसावलेल्या, आणि त्याने माझ्यासाठी हात पुढे केला होता. शेजारी डॉक्टरीणबाईही आल्या होत्या, गळ्यात नळी आणि हातात घड्याळ.

"एवढं मोठं ओझं उचललंत. बघू मनगट, नोंद करून ठेवते," त्या म्हणाल्या.

मी मनगट मागे घेतलं आणि त्याच्या हातात दिलं.

"आत्ता नको, डॉक्टरीणबाई," मी म्हटलं. "आत्ता मोजलंत तर तुम्हाला मला अपात्र लिहावं लागेल."